पाचव्या प्रश्नानंतरची शांतता

शशिकांत खानवलकरांची जवळजवळ सगळी नोकरी वर्गाच्या शेवटच्या बाकावर गेली. झाशीच्या सिविल लाइंसमागच्या एका खासगी बी.एड. कॉलेजात ते वाणिज्याची अध्यापनपद्धती शिकवत, आणि हिवाळ्यात सराव पाठ सुरू झाले की भावी शिक्षकांची बस घेऊन टहरौलीच्या सरकारी शाळेत जात. फळ्याशी कोणी मुलगा किंवा मुलगी हातात खडू धरून उभी असे, समोर चाळीस-पन्नास पोरं असत, आणि सगळ्यांच्या मागे भिंतीला पाठ लावून, मांडीवर पाठाची वही घेऊन खानवलकर बसलेले असत. हातात लाल पेन, आणि मनगटातून काढून बाकावर ठेवलेलं घड्याळ. सत्तावीस वर्षं हेच.

पूर्वज कधीकाळी मराठ्यांच्या फौजेबरोबर लिखापढीच्या कामावर इथे आले आणि इथलेच झाले. वडील कचेरीत पेशकार होते. शशिकांतना बँकेत जायचं होतं, एम.कॉम.ला वर्गही चांगला मिळाला होता, पण बँकेच्या मुलाखतीत दोनदा गाडी अडली आणि मग ते बी.एड. करून या कॉलेजात लागले. त्याचं त्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. नीटनेटकं काम त्यांना आवडे, आणि पाठाचं टाचण ही फार नीटनेटकी गोष्ट होती.

टाचणाच्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करायचे. डावीकडे शिक्षक काय विचारणार, उजवीकडे विद्यार्थी काय उत्तर देणार. विद्यार्थ्यांची उत्तरं आदल्या दिवशी घरी बसूनच लिहायची. पाठाच्या सुरुवातीला पाच प्रश्न. पहिले चार सोपे, मुलांना येतील असे. पाचवा मात्र असा, की त्याचं उत्तर त्यांना येऊ नये. पाचव्यासमोर उजव्या रकान्यात एकच शब्द लिहायचा: निरुत्तर. वर्ग गप्प झाला की शिक्षकाने हसून म्हणायचं, "तो बच्चो, आज हम यही पढ़ेंगे," आणि मग पाठाचं नाव फळ्यावर लिहायचं. ही शांतता नीट पडली की निरीक्षकाकडून प्रस्तावनेचे पूर्ण गुण.

पण पोरांना उत्तर यायचं. टहरौलीच्या पोरांनी तर एकेक पाठ दरवर्षी नव्या नव्या दीदी-भैयांकडून ऐकलेला असे. म्हणून तिथले वर्गशिक्षक आधीच बजावून ठेवत, "पाँचवें पे कोई मुँह नहीं खोलेगा." पोरं बाकाखाली बोटं मोजत बसत. तरी एखादं नवं पोर चुकून बोलून जाई, आणि शाबासकीसाठी मागे मित्रांकडे वळून पाही. तेव्हा भिंतीशी बसलेले खानवलकर सर हळूच ओठांवर बोट ठेवत. पोर खाली बसे, शांतता पडे, पाठ पुढे सरके. आपण काही वावगं करतो असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. उलट समोरच्या घाबरलेल्या मुलीला एवढा हात दिलाच पाहिजे, असं ते मानत.

त्यांची मुलगी देविका याच कॉलेजात बी.एड.ला आली, तेव्हा त्यांना मनातून फार बरं वाटलं. चोवीस वर्षांची, बापासारखीच एम.कॉम. झालेली, वाचलेलं विसरत नाही अशी. शेजारच्या घरातली एक मुलगी अकरावीला तिच्याकडे शिकायला येई, तिला देविका असं समजावून सांगे, की शशिकांत दुसऱ्या खोलीत पेपर वाचायचे थांबत. पण हे एकटीपुरतं. तिघं-चौघं जमली की तिचा आवाज खाली जाई, दहा जमले की बंदच होई.

टहरौलीच्या पहिल्या पाठाला ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली ती राहिलीच. तारीख लिहिली, विषय लिहिला, वर्गाचं नाव लिहिलं, मग तारीख पुसून पुन्हा लिहिली. मागून कोणीतरी बुंदेलीत म्हणालं, "काय दीदी, बोर्ड खों पढ़ा रईं का?" वर्ग हसायला लागला. देविका पस्तीस मिनिटं वळली नाही. शशिकांत शेवटच्या बाकावर बसून होते. निरीक्षकाने पाठात बोलायचं नसतं, ते बोलले नाहीत. वहीत शेरा लिहायच्या जागी त्यांनी फक्त तारीख घातली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. घरी आल्यावर आईला म्हणाली, "आई, मला नाही जायचं परत. बस, हो गया."

"अगं, एका दिवसात कोणी मास्तर होतं का?" शकुंतलाबाई म्हणाल्या.

"बाबा लोगों को रोज सिखाते हैं. त्यांच्याच मुलीला येत नाही. सगळे हेच म्हणत असणार."

त्यानंतर ती टहरौलीच्या बसमध्ये चढली नाही. कधी ताप, कधी पोटदुखी. वर्षअखेरीपर्यंत तीस सराव पाठ पुरे झाले नाहीत, तर परीक्षेलाच बसता येणार नव्हतं. शशिकांतना आणखी दीड वर्षाने निवृत्त व्हायचं होतं. त्यांच्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. देविका एकदा वर्गासमोर उभी राहून बोलली पाहिजे.

नेमक्या त्याच दिवसांत कॉलेजात चष्मे आले.

खरं नाव व्हीआर हेडसेट, पण शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे 'चश्मा'च म्हणत. काळे, जड, डोक्याच्या मागे पट्टा आवळायचे. डोळ्यांवर चढवला की समोर वर्ग उभा राही. बाकं, खिडक्या, फळा, आणि चाळीस मुलं. तुम्ही मान वळवाल तिकडे वर्ग वळे, तुम्ही विचाराल त्याला मुलं उत्तर देत. बाकीच्यांना तेच सारं भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर दिसे. पाठ संपला की यंत्रच गुण देई, आवाजाला इतके, नजरेला इतके, प्रश्नांना इतके.

संचालक जयसिंगजींनी स्टाफची बैठक बोलावली. "देखो भाई, टहरौली की बस का झंझट, रोज की शिकायत, लड़कियाँ थक के आती हैं. अब तीसों पाठ यहीं, एसी में. किसी को दिक्कत?"

दोघातिघांना दिक्कत होती. खऱ्या मुलांशिवाय शिक्षक कसा तयार होणार, असं एकाने विचारलंही. जयसिंगजी शशिकांतकडे वळले. "खानवलकरजी, आप सबसे सीनियर हैं. आप जो कहें."

सगळ्यांना वाटलं, हा माणूस नाहीच म्हणणार. सत्तावीस वर्षं टहरौलीच्या धुळीत बसलेला माणूस. शशिकांत टेबलावरच्या बोटांकडे पाहत म्हणाले, "मुझे तो इसमें कोई हर्ज नहीं दिखता." बैठक तिथेच संपली.

चष्मे बसवायला पुण्याच्या कंपनीतून सुमेध नावाचा इंजिनिअर आला होता. खानवलकर मराठी बोलतात हे कळल्यावर तो खुर्ची ओढून त्यांच्याजवळच बसू लागला. त्यांनी पहिल्या दिवशी "आपण फराळ केलात का?" असं विचारलं, तेव्हा तो हसला. "सर, नाश्त्याला फराळ म्हणणारं माणूस मला आजीनंतर तुम्हीच भेटलात." शशिकांतनाही बाहेर कोणाशी एवढं मराठी बोलायला मिळत नसे. चार दिवसांत त्यांनी त्याला घरी जेवायला नेलं.

सुमेधची अडचण अशी होती, की यंत्रातली मुलं कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या इंग्रजी शाळेतली होती. "इथली मुलं हवीत सर. त्यांचे प्रश्न, त्यांची उत्तरं. ती कुठे मिळतील?"

शशिकांतनी कपाट उघडलं. सत्तावीस वर्षांच्या निवडक पाठांच्या वह्या त्यांनी वर्षवार बांधून ठेवल्या होत्या. तीनशेच्या वर. सुमेध दोन दिवस त्या चाळत बसला. मग एक वही उघडून म्हणाला, "सर, सगळी उत्तरं बरोबरच आहेत. मुलं चुकतात ते कुठे लिहिलंय?"

"चुकीचं उत्तर टाचणात लिहीत नाहीत," शशिकांत म्हणाले.

"पण चुकतात ना?"

"चुकतात. पण ते लिहायची पद्धत नाही."

"आणि हा निरुत्तर दरवेळी पाचव्यालाच?"

"पाचव्यालाच."

सुमेधने मान हलवली. त्याचं काम सोपं झालं होतं. जाण्यापूर्वी त्याने पडद्यावर एक पट्टी दाखवली. वर्गात गडबड किती हवी, शून्यापासून पाचपर्यंत. "तीन ठेवू? कुजबुज, एखादं पोर झोपलेलं, एखादं उलटं बोलणारं?"

शशिकांतना फळ्याकडे तोंड करून उभ्या देविकाची पाठ दिसली, आणि तिच्यावर सैल झालेली वेणी. "शून्य ठेवा," ते म्हणाले.

"शून्याला अगदी देवळासारखं शांत होतं सर."

"सुरुवातीला असू द्या. मग वाढवू."

ते वाढवायचं राहून गेलं. सुमेध पुण्याला परतला आणि पट्टी शून्यावरच राहिली.

देविकाने चष्मा पहिल्यांदा चढवला, तेव्हा खोलीत फक्त बाप होता. त्याने मुद्दामच दुपारची वेळ घेतली होती. टीव्हीवर चाळीस मुलं सरळ बसलेली दिसत होती. देविकाने मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिली. मुलं हसली नाहीत. कोणी खोकललंही नाही. मग ती अगदी हळू म्हणाली, "बच्चो, आप सब्ज़ी कहाँ से लाते हो?"

तिसऱ्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. "दुकान से, मैडम."

देविकाचे आखडलेले खांदे खाली आले. ती दुसऱ्या प्रश्नाला गेली, तिसऱ्याला गेली. पाचवा विचारला आणि चाळीस मुलं एकदम गप्प झाली. चार सेकंद मोजून शांतता. फळ्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला, म्हणजे आता पुढे जायला हरकत नाही. "तो बच्चो, आज हम बाज़ार के बारे में पढ़ेंगे," देविका म्हणाली, आणि तिचा आवाज खोलीभर पोचला.

शशिकांतनी डोळे पुसले. त्या पाठाला यंत्राने चौऱ्याहत्तर गुण दिले. दहाव्या पाठाला एक्याण्णव.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने खानवलकरांच्या घरात बरे गेले. देविका जेवताना बोलू लागली. दोन वेण्यांच्या मुलीला तिने जानकी असं नाव ठेवलं होतं. "आई, जानकी ने आज फिर सबसे पहले हाथ उठाया." शकुंतलाबाई पोळी वाढता वाढता विचारत, "आणि ती कधी बोबडी वळल्यासारखी बसत नाही? कधी शेजारणीचं पेन पळवत नाही?"

"नाही गं. फार गुणी आहे."

"मग ती पोर नव्हे, फोटो आहे," शकुंतलाबाई म्हणाल्या. नवऱ्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या गप्प बसल्या. मागाहून सैपाकघरात त्यांनी विचारलंच, "अहो, एकदा तिला खऱ्या शाळेत नेऊन आणा ना. टहरौलीला नाही तर इथे जवळ कुठेतरी."

"जरा पक्की होऊ दे," शशिकांत म्हणाले. "आत्ता कुठे बोलायला लागली आहे."

देविका कॉलेजात पहिली आली. तीस पाठांची सरासरी त्र्याण्णव. जयसिंगजींनी तिचा फोटो फाटकाशी लावला.

जुलैत शहरातल्या एका खासगी शाळेत वाणिज्याची जागा निघाली. मुख्याध्यापिका अहिल्या पाध्ये वीस वर्षांपूर्वी खानवलकर सरांकडेच शिकलेल्या. अर्ज पाहून त्यांनी स्वतः फोन केला. "सर, देविकाला पाठवा. नववीचा एक वर्ग घेऊ दे, बाकी औपचारिकता. आणि तुम्हीही या. मागे बसा, तुमच्या नेहमीच्या जागी."

देविकाने विषय निवडला बाजार. यंत्रावर तोच तिचा सगळ्यात पक्का पाठ होता. सकाळी निघताना ती घाबरलेली नव्हती. रिक्षात तिने बापाला विचारलं, "बाबा, कैसी लग रही हूँ?" शशिकांतनी तिच्या खांद्यावरची पदराची पिन नीट केली. "मास्तरीण वाटतेस," ते म्हणाले.

वर्गात एकोणचाळीस मुलं होती. शशिकांत भिंतीशी बसले, घड्याळ काढून बाकावर ठेवलं. अहिल्याबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या. देविका वर्गाकडे तोंड करून उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "बच्चो, आप सब्ज़ी कहाँ से लाते हो?"

"ठेले से!" "मंडी से!" "मैडम, हमारे यहाँ पापा लाते हैं!" चार-पाच आवाज एकदम आले. देविका क्षणभर थांबली. दुकान से, हे उत्तर आलं नव्हतं. पण ती दुसऱ्या प्रश्नाला गेली, आणि तिथेही कसंबसं निभावलं. तिसऱ्याला दोन मुलांत वाद झाला, तिने तो ऐकलाच नाही. तिची नजर दोन्ही पोरांच्या मधून जात जानकीच्या तिसऱ्या बाकावर गेली. तिथे एक जाड पोरगा बसला होता. शशिकांतनी बाकावरचं घड्याळ जवळ ओढलं. पाचवा येऊ दे, त्यांनी मनात म्हटलं, पाचव्यापर्यंत पोच, मग सुटलीस.

चौथा गेला. देविका दम घेऊन म्हणाली, "तो बताओ, जहाँ ख़रीदने वाला और बेचने वाला मिलते हैं, उस पूरी व्यवस्था को क्या कहते हैं?"

"बाज़ार," शेवटून दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला. उभा राहिला. "मैडम, बाज़ार कहते हैं. हमारी दुकान है ना, मानिक चौक में. बर्तन की. पर मैडम, मोबाइल पे जो मँगाते हैं, उसमें तो कोई मिलता ही नहीं. वो भी बाज़ार हुआ?"

असला प्रश्न सत्तावीस वर्षांत शशिकांतनी एखाद-दोनदाच ऐकला असेल. चांगला शिक्षक त्यावर सबंध तास उभा करू शकला असता.

देविका त्या मुलाकडे पाहत होती. मग तिने प्रश्न पुन्हा विचारला. तसाच, त्याच चालीत. "जहाँ ख़रीदने वाला और बेचने वाला मिलते हैं, उस पूरी व्यवस्था को क्या कहते हैं?"

"बाज़ार, मैडम," मुलगा म्हणाला. आता आणखी दोघं म्हणाले.

तिने तिसऱ्यांदा विचारला. तिची नजर फळ्याच्या कोपऱ्याकडे गेली, जिथे हिरवा ठिपका लागत असे. ती शांततेची वाट पाहत होती. पुढे जायचा तेवढाच एक रस्ता तिला ठाऊक होता. चौथ्यांदा विचारला तेव्हा सारा वर्ग तालात ओरडला, "बा-ज़ा-र!" आणि हसू फुटलं. मानिक चौकातला मुलगा मात्र हसला नव्हता. तो गोंधळून मागे वळला, काय चुकलं ते कोणाच्या तरी तोंडावर वाचायला. त्याची नि शशिकांतची नजरानजर झाली.

शशिकांतनी ओठांवर बोट ठेवलं.

पुढे किती दिवस ते मनाशी म्हणत राहिले, की हात आपोआप वर गेला, सवयीने. ते खरंही होतं. मुलगा खाली बसला. त्याने शेजाऱ्याला कोपर मारलं, शेजाऱ्याने पुढच्याला, आणि मागे कोणी म्हातारे सर रागावले आहेत हे बाकाबाकांतून पुढे गेलं. वर्ग गप्प झाला. अगदी देवळासारखा.

देविकाने वर पाहिलं. एकोणचाळीस डोक्यांवरून तिला बाप दिसला, आणि त्याच्या ओठांवरचं बोट दिसलं.

तिला आता बोलता आलं असतं. शांतता होती, चार सेकंदांहून लांब. पण ती बोलली नाही. तिने दोन्ही हात सावकाश डोळ्यांपाशी नेले, कानांमागे चाचपले आणि पट्टा सोडवायला बोटं फिरवली. तिथे पट्टा नव्हता. बोटं केसांतच फिरत राहिली. पुढच्या बाकावरची एक मुलगी घाबरून म्हणाली, "मैडम, आपको चक्कर आ रहा है?"

अहिल्याबाई उठल्या, देविकाला धरून बाहेर नेलं, पाणी दिलं. मग ऑफिसात शशिकांतसमोर त्या बराच वेळ टेबलावरची फाईल नीट करत राहिल्या.

"तिला बरं नव्हतं बहुतेक," शेवटी शशिकांत म्हणाले. "पुन्हा एकदा..."

"सर, तो मुलगा बरोबर सांगत होता."

"हो."

"तुम्ही त्याला गप्प केलंत."

अहिल्याबाईंचा आवाज कडक नव्हता, म्हणून ते आणखी अवघड झालं. "माझ्या पाठाच्या वेळी टहरौलीला एक मुलगी अशीच बोलली होती, सर. तेव्हाही तुम्ही बोट ठेवलं होतंत. तेव्हा मला हायसं वाटलं होतं. नंतर शिकवायला माझी मीच शिकले, पाच-सहा वर्षं गेली त्यात. देविकाला ती वर्षं द्यायला माझ्याकडे जागा नाही. मला उद्यापासून वर्गावर माणूस हवं आहे."

रिक्षात देविका कोपऱ्यात बसली होती. घर जवळ आल्यावर तिने एवढंच विचारलं, "बाबा, तुम्ही त्याला गप्प का केलंत?" उत्तराची तिने वाट पाहिली नाही. दुसऱ्या शाळेत अर्ज करायचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. एकदा शकुंतलाबाईंनी काढला, तर देविका ताट तसंच ठेवून उठली. शेजारच्या मुलीलाही तिने येऊ नको म्हणून सांगितलं.

शशिकांतनी हातपाय मारले. पुण्याला फोन लावला. सुमेध ती कंपनी सोडून गेला होता. नव्या माणसाने इंग्रजीत सांगितलं, की मुलांची उत्तरं बदलायची तर नवा करार लागेल. निदान गडबडीची पट्टी तीनवर न्या, असं शशिकांत म्हणाले. ती तुमच्याकडूनच हलते, असं कळल्यावर त्यांनी ती स्वतःच नेऊन पाहिली. कुजबुज आली, एक पोर डोकं ठेवून झोपलं. पण प्रश्न विचारला की झोपलेलं पोरही उठून बरोबरच उत्तर देई, आणि पाचव्याला सगळी गप्प. वह्यांमध्ये दुसरं काही लिहिलेलंच नव्हतं.

मग त्यांनी जयसिंगजींना अर्ज दिला. टहरौलीची बस पुन्हा सुरू करावी, निदान दहा पाठ खऱ्या शाळेत व्हावेत. जयसिंगजींनी अर्ज वाचला आणि चहा मागवला. "खानवलकरजी, आप ही ने तो हाँ कही थी. अब सबके नंबर नब्बे के ऊपर आ रहे हैं, बच्चे ख़ुश, माँ-बाप ख़ुश. आप क्यों परेशान होते हैं?" आणि मग आवाज उतरवून, खरंच मायेने म्हणाले, "बिटिया घर पे बैठी है, सुना. उसे यहीं ले आइए. चश्मे वाले कमरे में कोई चाहिए ही. उससे अच्छा ये मशीन कौन जानता है?"

आपण नाही म्हणू असं शशिकांतना स्वतःलाही वाटलं होतं. पण घरी विचारल्यावर देविका लगेच हो म्हणाली. कित्येक आठवड्यांत ती कशाला हो म्हणाली नव्हती.

आता तिला कॉलेजात 'चश्मे वाली मैडम' म्हणतात. नव्या मुलामुलींना ती पट्टे आवळून देते, काचा पुसून ठेवते, कोणी चुकलं तर नमुन्याचा पाठ स्वतः घेऊन दाखवते. काम झालं की खोली बंद करायच्या आधी एकटीच चष्मा चढवते आणि जानकीच्या वर्गाला शिकवते. शशिकांत फाटकाशी उभे राहून तिची वाट पाहतात. खिडकीतून तिचा आवाज येतो, खणखणीत, न अडखळणारा. सबंध कॉलेजात तसा आवाज कोणाचा नाही.

या फेब्रुवारीत तपासणीचं पथक आलं. जयसिंगजींनी त्यांना चष्म्याच्या खोलीत नेलं आणि देविकाला पाठ घ्यायला सांगितलं. नियमाप्रमाणे निरीक्षक म्हणून शशिकांत शेवटच्या खुर्चीवर बसले, मांडीवर वही. टीव्हीवर चाळीस मुलं ताठ बसली होती. देविकाने पाचवा प्रश्न विचारला. चार सेकंद गेले. हिरवा ठिपका लागला. "तो बच्चो, आज हम बाज़ार के बारे में पढ़ेंगे." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. यंत्राने सत्त्याण्णव गुण दिले.

शशिकांतनी गुण उतरवून घेतले, तारीख घातली, आणि शेऱ्याचा रकाना तसाच ठेवून वही ऑफिसात दिली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. रकाना रिकामा असला तर फाईल पुढे जात नाही, असं चिठ्ठीवर लिहिलं होतं. निवृत्तीला पाच महिने उरले होते. शशिकांतनी लाल पेन उघडलं, 'पाठ यशस्वी, वर्ग शांत' असं लिहिलं, आणि खाली सही केली.